मॅगपायचं इंजिन आणि नववी फेरी

सर्वांत आधी ताडपत्रीचं. गेल्या मंगळवारी मी दवाखान्यात असताना शेडमध्ये शिरून माझ्या गाडीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री कुणी घातली ते मला माहीत आहे. नेव्हिल, तू घातलीस. प्लास्टिकखाली ओल धरते, ओलीने अ‍ॅल्युमिनियमला पांढरे फोड येतात, आणि ते पत्रे तुझ्या बापाने झाडाच्या बुंध्यावर वाळूची पिशवी ठेवून चार हिवाळे ठोकलेले आहेत. ताडपत्री काढ. हे वाचून दाखवेपर्यंत काढली नसलीस तर वाचन इथेच थांबवावं, नेव्हिलने शेडमध्ये जाऊन ती काढून यावी, मग पुढे वाचावं. मिस ऑग्डन, तुम्ही बसून राहा. तुमची फी तासावर आहे, तुमचं काही बिघडत नाही.

आता रीतीचं.

मी, मर्ल हॅझल ट्रेस्कॉट, कै. रॉनल्ड ट्रेस्कॉट याची बायको, वय शहाऐंशी, राहणार ब्रिज रोड, पेनरिक, उत्तर टास्मानिया, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नाही आणि कुणाला खूश करायलाही नाही, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते या कागदावर माझ्या हाताने लिहून ठेवते. रॉन असताना आम्ही दोघांनी केलेलं मृत्युपत्र यापुढे रद्द समजावं. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली, म्हणून शुद्धलेखन वकीलबाई मिस ऑग्डन यांनी सुधारलं आहे. मजकुराला हात लावू दिलेला नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला डॉक्टरने मला वार विचारला. मी वार सांगितला, आणि बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीचा मागचा डावा ब्रेक घासतोय तेही सांगितलं. दाखला त्याने लगेच लिहून दिला. सोबत जोडला आहे.

कलम १. घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझी मुलगी ग्लेनिस हिला द्यावं. बँकेत असेल ते ग्लेनिस आणि नेव्हिल यांनी निम्मं निम्मं घ्यावं. नेव्हिलला नदीकडचं कुरण त्याच्या बापाने हयातीतच दिलं होतं. ते त्याने वर्षाच्या आत विकलं, तेव्हा घरात हिस्सा का नाही असं त्याने विचारू नये. विचारलंच तर ग्लेनिसने त्याला खिडकीतून ते कुरण दाखवावं. आता तिथे गोल्फ खेळतात.

कलम २. मोठा टीव्ही आणि त्याच्यासमोरची खुर्ची जावई डग याला. आमचं सगळं घर होल्डन गाड्यांचं. डग फोर्डवाला आहे, हे लग्नाच्या आधी आम्हाला कुणी सांगितलं नाही. होल्डनचा कारखाना बंद झाला त्या दिवशी तो जेवताना मान खाली घालून हसत होता, ते मी पाहिलं. तरी माणूस बरा. ऑक्टोबरात बाथर्स्टची शर्यत लागली की सकाळपासून माझ्या शेजारी बसायचा आणि कुणाचीही गाडी चांगली वळली की "वा!" म्हणायचा, होल्डन असली तरी. असं म्हणता येणारा माणूस घरात असावा. खुर्चीच्या उजव्या हाताला चहाचे डाग आहेत ते माझे. पुसायचे नाहीत.

कलम ३. निळ्या फुलांचा सहा कपांचा चहाचा सेट पेनरिक मोटर क्लबला. हा सेट मला क्लबनेच १९६७ साली दिला. बाल्ड हिल टेकडीच्या चढाईच्या शर्यतीत त्या दिवशी एकोणतीस गाड्या वर गेल्या, त्यांत माझी वेळ चौथी होती. बक्षिसं वाटताना तिसऱ्यापर्यंत कप दिले, चौथ्याला टायरची जोडी होती. ती पाचव्या आलेल्या माणसाला दिली आणि मला बोलावून चहाचा सेट हातात ठेवला.

"मर्ल, हे बायकांच्या गटातलं पहिलं बक्षीस," सेक्रेटरी म्हणाला.

"त्या गटात कोण कोण होतं?"

"तूच."

"मग शेवटचं बक्षीसही मलाच दे."

लोक हसले, टायर मात्र मिळाले नाहीत. सेट मी कधी वापरला नाही, पेटीतून काढलाही नाही. आता क्लबने त्यात चहा करून पाचव्या आलेल्या माणसाच्या पोरांना पाजावा.

कलम ४. हत्यारं सगळी माझी नात ब्रॉनी, म्हणजे ग्लेनिसची मुलगी ब्रॉनवेन, हिला. पाने, हातोड्या, पत्रा ठोकायचा बुंधा, वाळूची पिशवी, तिन्ही जॅक. ती लॉन्सेस्टनला ट्रकांची डिझेल इंजिनं दुरुस्त करते आणि पाना वापरून झाला की पुसून ठेवते. हत्यारांसोबत माझी मतंही तिलाच. ती मी साठ वर्षं फुकट वाटत आले आणि कुणी नीट ठेवली नाहीत, म्हणून इथे लिहिते.

वेग हा काही स्पोर्ट्स कारचा गुण नाही. उतारावर लाकडाच्या ट्रकलाही वेग येतो. स्पोर्ट्स कार म्हणजे तुमच्या मनात वळायचं येतं आणि गाडी वळलेली असते. तिला कमी वजन लागतं, खाली बसणं लागतं, आणि तिच्या पोटात काय चाललंय ते तुमच्या पाठीला कळावं लागतं. रॉनची पहिली गाडी एमजी टीसी. सायकलसारखी चाकं, अंगाने काडी, ताकद शिवणयंत्राएवढी. पण वळणात शिरताना ती गाडी तुमच्याशी बोलायची, "थोडं अजून चालेल, थोडं अजून, बास." त्या गाडीने मला चालवायला शिकवलं. रॉनने फक्त शेजारी बसून डोळे मिटले.

देखणेपणात जग्वारची डी-टाइप. हिरवी. मुख्य भूमीवरून बोटीने आली होती, पेनरिकला एकदाच. माशासारखी गोल, मागे एक उभा पर, आणि ती पुलावरून आली की छातीचं हाड थरथरायचं. या गाडीबद्दल पुढे लिहायचं आहे, तेव्हा आता एवढंच. माणसाच्या हातून झालेली इतकी सुंदर वस्तू मी दुसरी पाहिली नाही, आणि माझी दोन्ही पोरं जन्मली त्या क्षणी मी पाहिली आहेत.

हल्लीच्या गाड्यांना म्हातारे लोक नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. माझ्याकडे येणारी नर्स लिटिया हिची छोटी लाल माझदा आहे, दोन माणसांची. कुणीतरी तिला म्हणालं, ही तर केशभूषावाल्या बायकांची गाडी. मी म्हटलं, "लिटिया, मला टेकडीवर ने."

"मिसेस ट्रेस्कॉट, तुमचं ब्लडप्रेशर."

"त्यालाही घेऊन चल."

तिने नेलं. तिसऱ्या वळणावर मी तिला म्हटलं, ब्रेक आता सोड, आता. तिने सोडला, आणि ती पोर वर पोचेपर्यंत हसत होती. ज्या माणसाने ती गाडी आखली त्याला एमजी माहीत होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. लिटियाला मी काही ठेवत नाही, कारण ती खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं मिस ऑग्डन म्हणतात. म्हणून लिंबाच्या टार्टची कृती मी तिला मंगळवारीच देऊन टाकली.

आता शर्यतीचं. टीव्हीवाले धाडस धाडस करतात. धाडस दर शनिवारी पबमधून घरी जाणाऱ्यांकडेही असतं. शर्यतीचा ड्रायव्हर म्हणजे एक वळण एकदा बरोबर घेतलं की पुढच्या फेरीला तेच वळण त्याच जागी, वीतभरही न चुकता, पुन्हा घेणारा. आणि बाराव्या फेरीलाही. असे ड्रायव्हर मी आयुष्यात तीन पाहिले. एक लाँगफर्डच्या मोठ्या शर्यतीत, परदेशातून आलेला. एक बाथर्स्टला. तिसरा माझा दीर आर्थर ट्रेस्कॉट, ज्याने माझ्या घरात एकसष्ट वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

कलम ५. गाडी.

गाडीचं नाव मॅगपाय, त्याच नावाच्या पक्ष्यावरून. काळी-पांढरी, नंबर ३१, दोन माणसांची, उघडी. कुठल्याही कारखान्यात झालेली नाही. रॉन आणि आर्थर या दोघा भावांनी १९५८ ते १९६२ या काळात याच शेडमध्ये बांधली. सांगाडा आणि पत्रा रॉनचा. इंजिन आर्थरचं. होल्डनचंच सहा सिलिंडरचं राखाडी इंजिन, जे तेव्हा निम्म्या गावाच्या गाड्यांत होतं. पण आर्थरने त्याचा एकेक भाग तोलून, घासून, तीन कार्ब्युरेटर बसवून त्याचं असं काही केलं की ते रिकामं फिरताना वर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी हलायचं नाही, आणि पाय दिला की मागची भिंत हलायची.

ही गाडी मी ब्रॉनवेनला देते. नेव्हिलला नाही.

नेव्हिलने मेलबर्नच्या एका संग्राहकाला तिचे फोटो पाठवले. तो माणूस माझ्याकडे येऊन गेला. पांढरे बूट घातले होते.

"आजी, ही गाडी म्हणजे ठेवा आहे. मी हिला काचेच्या दालनात ठेवीन. हवेत बरोबर बेचाळीस टक्के ओल, कायम."

"चालवाल कधी?"

"छे! हिला धक्का लागला तर?"

"धक्का लागला तर ठोकून सरळ करायची. बुंधा देते सोबत."

त्याला वाटलं मी विनोद केला. नेव्हिल त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि अर्धा तास आला नाही. पुढच्या आठवड्यात ताडपत्री आली.

ब्रॉनीला का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी, ती चोवीसची असताना, तिला मी पहिल्यांदा मॅगपाय टेकडीवर चालवायला दिली आणि शेजारी बसले. वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं, हातमोजे काढले आणि बॉनेटकडे बघत बसली.

"काय गं, घाबरलीस?"

"नाही नॅन. हिला हे इंजिन नको आहे."

"मग कुठलं हवंय?"

"ते मला काय माहीत? पण वळणातून बाहेर पडताना गाडी काहीतरी मागते, आणि इंजिन म्हणतं, नंतर बघू."

त्या इंजिनाची गोष्ट तेव्हा तिला कुणी सांगितलेली नव्हती. १९६२पासून मॅगपायमध्ये रॉनने एका जुन्या पिकअपमधून काढून बसवलेलं साधं राखाडी इंजिन आहे. त्यावरच मी टेकडी चढले, रॉन चढला, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं, पण चाळीस-पन्नास वर्षांत आम्ही त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. ही पोर एका फेरीत बोलली. गाडी तिची.

अटी दोन. वर्षातून एकदा तरी मॅगपाय बाल्ड हिलवर चढली पाहिजे. आणि ब्रॉनी जिवंत असेपर्यंत ती विकायची नाही. पुढे तिला चालवणं जमेना झालं तर ज्याला गाडी ऐकू येते त्याला द्यावी, मग तो नात्यातला असो नसो.

कलम ६. हे कलम आर्थरसाठी आहे. वाचताना तो खोलीत हजर असावा. नसेल तर त्याला आणावं. गाडीत पुढच्या सीटवर बसवावं, मागे त्याला मळमळतं. त्याचा डावा कान एक्झॉस्टच्या आवाजाने गेलेला आहे, म्हणून वाचणाऱ्याने त्याच्या उजवीकडे बसून मोठ्याने वाचावं.

नोव्हेंबर १९६२. पेनरिकची रस्त्यावरची शर्यत. हाय स्ट्रीटवरून सुरू, चर्चला वळसा, पबसमोर गवताचे गठ्ठे, मग मळ्यांतून लांब, आणि शेवटी लाकडी पुलावरून परत गावात. बारा फेऱ्या. हँडिकॅप, म्हणजे संथ गाड्या आधी सोडायच्या आणि वेगवान मागून, ज्याच्या बारा फेऱ्या पहिल्या पुऱ्या तो पहिला. रॉन एमजीत होता, तो लवकर निघाला. आर्थर मॅगपायमध्ये, तो सहा मिनिटांनी. सर्वांत शेवटी ती हिरवी जग्वार.

फेऱ्यांचा तक्ता माझ्याकडे होता. कुठली गाडी कितव्या फेरीला रेघेवरून गेली आणि घड्याळात किती वाजले, ते पेन्सिलीने लिहायचं. ते काम क्लबने मला पहिल्यांदाच दिलं होतं. माझ्या शेजारी बँक मॅनेजरची बायको दोन टोकदार पेन्सिली घेऊन बसली होती आणि मी चुकायची वाट बघत होती. पण मला एक येत होतं ते तिला येत नव्हतं. मी गाड्या पुलावर ऐकायचे. पुलाच्या फळ्या सैल होत्या. जो घाबरून पाय उचलायचा त्याच्या चाकांखाली त्या तुटक तुटक वाजायच्या. रॉन आला की खडखडखड, मग खड, मग खडखड. आर्थर आला की एकच लांब आवाज, जसं कापड फाडलं. गाडी दिसायच्या आधी तिचा नंबर मी लिहिलेला असायचा, मग मान वर करून बघायचं आणि खूण करायची. ही माझी पद्धत, आणि चांगली पद्धत.

नवव्या फेरीला पुलावर जग्वार आली. तिने दुसरं काही ऐकू दिलं नाही. मी मान वर केली, आणि खाली घातली नाही. ती माझ्यासमोरून चर्चकडे वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. ती मागून कशी दिसते, तो उभा पर कसा कलतो, धूर कुठून निघतो. तिच्या शेपटीला चिकटून दुसरी एक गाडी गेली, ती मी पाहिली नाही. खाली कागदावर बघितलं तेव्हा जग्वार लिहिली. आर्थरची नववी फेरी लिहिली नाही.

आर्थर स्वतःच्या फेऱ्या स्वतः मोजायचा. बारा झाल्यावर त्याने रेघ ओलांडली, हात वर केला आणि गाडी बाजूला घेतली. झेंडेवाल्याने माझ्याकडे बघितलं. "एकतीसची बारावी ना?"

कागदावर होतं ते मी सांगितलं. "अकरावी."

झेंडा पडला नाही. लोक आर्थरला ओरडून सांगायला लागले, जा, अजून एक आहे! तो हात वर करून बसलेला, हसत, त्याला वाटलं लोक शाबासकी देतायत. पाऊण मिनिटात रॉन पुलावरून खडखडत आला आणि झेंडा त्याला पडला.

इथपर्यंत चूक होती. चुकीबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. त्या जग्वारकडे न बघणारी बाई तक्ता लिहायला बसवावी असं मला वाटत नाही.

पुढचं चूक नव्हे. मुख्य पंचाने तक्ता हातात घेतला. आर्थरच्या फेऱ्या बघा, आजही बघता येतील. तीन मिनिटं एकतीस सेकंद. तीन एकतीस. तीन तीस. तीन एकतीस. आठ फेऱ्या अशा, मोजपट्टीने आखल्यासारख्या. आणि मग एक फेरी सात मिनिटं दोन सेकंदांची.

"मर्ल, ही दुप्पट कशी? थांबला होता का कुठे?"

आर्थर समोर उभा होता, तोंडावर काजळी, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं. "मी थांबलो नाही. मर्ल, सांग त्यांना."

मळ्याकडचे झेंडेवाले त्या वेळी चरात उलटलेली गाडी ओढत होते, त्यांना काही सांगता येईना. सगळं माझ्यावर आलं. आणि मला कळलं होतं. तीन एकतीस अधिक तीन एकतीस, एवढी बेरीज तेराव्या वर्षापर्यंत शाळेने शिकवली होती. शेजारी बँकवाल्या बाईने पेन्सिल उचलली. आणि मागून रॉन धावत आला, टोपी हातात, म्हणाला, "मर्ल, खरंच मी? खरंच?" त्या माणसाने आयुष्यात त्याआधी काही जिंकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मी म्हटलं, "थांबला असेल."

दोन शब्द. तेवढ्यावर कप आमच्या घरी आला.

त्याच आठवड्यात आर्थर इंजिन काढायला आला. रॉन म्हणाला, "अरे, गाडी दोघांची आहे." आर्थर म्हणाला, "सांगाडा ठेव. तुझ्या बायकोला मोजता येत नाही, चालवता तरी येतंय का बघ." आणि गेला. रॉनला शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्याचा भाऊ हरणं पचवू न शकणारा माणूस आहे. तेरा वर्षांपूर्वी रॉन गेला, ते वाटणं बरोबर घेऊनच. मी त्याला सांगितलं नाही, कारण कप शेगडीच्या वर होता आणि तो दर रविवारी खुर्चीवर चढून तो पुसायचा. हे एक कारण. दुसरं हे की सांगितलं असतं तर पेन्सिल गेली असती. मी त्यानंतर एकेचाळीस वर्षं क्लबचे तक्ते लिहिले, आणि त्यांतला एकही चुकलेला नाही. हवं तर तपासा.

तीन वर्षांपूर्वी आर्थरची बायको डॉरीन गेली. चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं समोरासमोर आलो. काहीतरी बोलायला हवं होतं.

मी विचारलं, "इंजिन आहे अजून?"

"आहे."

"गंजलं असेल."

"दर रविवारी हाताने फिरवतो. तेल देतो."

"मग चालू का नाही करत?"

"कशात करू, मर्ल? टेबलावर?" मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी थांबलो नव्हतो."

मला तिथेच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "पायरी बघ, सैल आहे." तो पायरी बघून उतरला. त्या दिवसापासून हा कागद लिहायचा ठरवत होते.

तर आता साक्षीदारांसमोर लिहून देते. आर्थर ट्रेस्कॉट नवव्या फेरीला कुठेही थांबला नाही. ती शर्यत त्याने जिंकली. मला ते त्याच दिवशी माहीत होतं. आणि त्या पुलावरून त्याच्यासारखी गाडी मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही, हिरवी जग्वार धरून.

कलम ७. वरील कारणाने:

मूळ तक्ता शिवणयंत्राच्या खालच्या खणात, बटणांच्या डब्याखाली आहे. तो आर्थरला द्यावा. त्याने फाडावा, जाळावा की काच लावून भिंतीवर टांगावा, त्याची मर्जी.

कप आर्थरला द्यावा. रॉनचं नाव खोडू नये; त्याने कुणाला फसवलं नाही, आणि एमजीत होतं त्यापेक्षा जास्त त्या दिवशी तिच्याकडून काढलं होतं. त्याच्या वर कोरावं: "पहिला, आर्थर ट्रेस्कॉट. तक्ता चुकीचा होता. म. ट्रेस्कॉट." क्लबच्या हॉलमधली विजेत्यांची पाटीही क्लबने तशीच रंगवून घ्यावी. कुरकुर केली तर चहाचा सेट परत घ्यावा.

हा सौदा नाही. इंजिन दिलं तरच कप, असं कुणी समजू नये. इंजिन आर्थरचं आहे, त्याने ते स्वतःच्या हाताने केलं. कप आणि तक्ता त्याला मिळाल्यावर, त्याने ते मांडीवर घेतल्यावर, मग ब्रॉनीने त्याला एकदाच विचारावं: अंकल आर्थर, इंजिन मॅगपायमध्ये परत बसवायचं का? बसवायचं म्हणाला तर पहिली चढाई शेजारी बसून त्याने करावी. नको म्हणाला तर ब्रॉनीने थँक्यू म्हणावं, राग धरू नये, आणि आहे त्या इंजिनावर टेकडी चढावी.

कलम ८. मला पुरताना फुलं नकोत. ज्यांच्याकडे आवाज करणाऱ्या गाड्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात. पाद्र्याने बोलणं पाच मिनिटांत आटपावं, बाहेर इंजिनं चालू असतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस फेनेला ऑग्डन, वकील, यांनी करावी, आणि कुणी कोर्टात गेलं तर त्याला ताडपत्री द्यावी, दुसरं काही नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, माझंच आहे. खालील दोघांच्या देखत सही करते, आणि त्या दोघांनी माझ्या व एकमेकांच्या देखत केली.

मर्ल हॅझल ट्रेस्कॉट (सही)

साक्षीदार: लिटिया वाकालाला, जिल्हा नर्स (सही)
साक्षीदार: हर्बर्ट क्विनेल, निवृत्त पोस्टमास्तर, १९६२ साली पबच्या वळणावर झेंडेवाला (सही)

स्थळ: पेनरिक
तारीख: १४ मार्च २०२४

सहीनंतर त्याच वेळी, त्याच दोघांसमोर वाढवलेली ओळ, तिघांची आद्याक्षरं बाजूला: ब्रॉनीने इंजिनाचं विचारल्यावर आर्थरचा मुलगा "बाबा दमलेत" म्हणेल, नेव्हिल किंमत सांगायला लागेल, मिस ऑग्डन कायदा सांगतील. सगळ्यांनी गप्प बसावं. आर्थरला वेळ लागला तर लागू द्या, चहा करा, खिडकी उघडा. उत्तर आर्थरनेच द्यायचं.